फक्त सदस्यांसाठी

चेन्नईत आल्यावर पहिलं वर्षभर माझं तमिळ दोनच शब्दांवर चाललं होतं, ‘वेण्डाम’ आणि ‘पोदुम’. नको आणि पुरे. भाजीवाल्याला, दारावर येणाऱ्या फुलवालीला, शेअर ऑटोत आणखी एक माणूस कोंबू पाहणाऱ्या ड्रायव्हरला, सगळ्यांना मी हेच म्हणायचे. नवरा गुम्मिडिपूंडीला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात होता. शहराच्या उत्तरेला कारखाना आणि दक्षिणेला वेलचेरीत आमचं घर, म्हणजे खरं तर उलटाच कारभार. पण घरमालकीण मराठी मिळाली, एवढ्यावर आम्ही ते घर घेतलं. कंपनीची बस त्याला उजाडायच्या आत घेऊन जायची आणि दिवेलागणीनंतर आणून सोडायची. मधला सगळा दिवस माझा, आणि त्या दिवसात बोलायला कुणी नाही.

घरमालकिणीला आम्ही मामी म्हणायचो. ती तंजावरकडच्या मराठ्यांतली, बँकेतून निवृत्त झालेली. तिचं मराठी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, ही बाई पोथीतलं वाचून दाखवते आहे की काय. ‘काय गे, जेवण जाहलं?’ असं विचारायची आणि शेवटचा सूर तमिळसारखा वर न्यायची. तिच्याकडूनच मी हळूहळू भाषा शिकायला लागले.

आणि पहिल्या मजल्यावर ती राहायची. ती म्हणजे माझी मैत्रीण. आज तिला काय म्हणायचं ते मला ठरवता आलेलं नाही, म्हणून मैत्रीणच म्हणते. ती नागपूरची, माझ्याहून थोडी लहान, एकटी राहणारी. अड्यारला एका जाहिरातींच्या ऑफिसात कामाला होती. दुकानं, दवाखाने, क्लासेस यांचे फोनवरचे चॅनेल वाढवून द्यायचे, हे तिचं काम. आमची ओळख लिफ्टमध्ये झाली. ती फोनवर कुणाला तरी ‘अबे काय करून राहिला तू?’ म्हणून झापत होती आणि मला इतक्या दिवसांनी अस्सल मराठी शिवी-ओवी ऐकून हसू फुटलं. फोन ठेवून ती म्हणाली, ‘तू मराठी? मग चहा पाज.’ त्या दिवसापासून आम्ही अगं-तुगंवरच होतो.

पण मैत्री पक्की झाली ती बाबा गेले त्या दिवशी.

वेलचेरीत पाणी भरतं, हे घर घेताना सगळ्यांनीच सांगितलं होतं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, आम्हाला काय, असं वाटलं होतं. त्या सकाळी पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. मी नवऱ्याला म्हटलं, ‘आज जाऊ नकोस.’ तो म्हणाला, ‘लाइन बंद पडली तर माझ्या माथ्यावर येईल,’ आणि गेला. दुपारपर्यंत रस्त्यात छातीएवढं पाणी झालं. वीज गेली. आणि तेवढ्यात सोलापूरहून भावाचा फोन आला, बाबा गेले. बोलता बोलता फोन बंद पडला.

विमानतळ बंद, रेल्वे बंद. नवरा कारखान्यात अडकलेला, त्याचा फोन आधीपासूनच लागत नव्हता आणि आता माझ्या फोनमध्ये जीव नव्हता. माझं रडणं ऐकून का कसं कोण जाणे, मैत्रीण अंधारातून जिना चढून आली. हातात पॉवर बँक आणि मेणबत्ती. तिने माझा फोन चालू केला, भावाला व्हिडिओ कॉल लावला. आमच्या गॅलरीच्या एका कोपऱ्यातच नेटवर्क येत होतं. तिथे ती एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात छत्री धरून उभी राहिली, आणि मी बाबांना शेवटचं पाहिलं. ते सगळं होईपर्यंत ती हलली नाही. पाठीवरून पाणी वाहत होतं तिच्या. पुढचे दिवस तिने मला भात कालवून खायला घातला. नवरा परत आला तो पाणी उतरल्यावर. तोवर माझं रडून झालं होतं.

हे मी मुद्दाम आधी सांगते आहे. ती वाईट होती असं मी सांगायला लागले तर ते खोटं होईल.

त्यानंतर मला सवय लागली. नवरा कामावर, ती अड्यारला ऑफिसात. मी दुपारी भाजी चिरताना, कणीक मळताना तिला आवाजी मेसेज पाठवायचे. लांबच लांब. फोन ओट्याला टेकवून ठेवायचा आणि बोलत सुटायचं. बाबांबद्दल बोलायचे. त्या छोट्या पडद्यावर मला बाबांच्या मनगटावर घड्याळ दिसलं होतं. ते नंतर कुणी काढलं का, की तसंच गेलं, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नव्हता आणि भावाला विचारायचा धीर होत नव्हता. हे मी तिला सांगितलं. नवऱ्याबद्दलही बोलले. ‘त्या दिवसापासून त्याच्याबद्दल मला काही वाटतच नाही गं. राग सुद्धा नाही. शेजारी झोपलेलं माणूस, बास,’ असं म्हणाले. मूल का नको वाटतं तेही बोलले. ती संध्याकाळी बसमधून उत्तर द्यायची. कधी नुसतंच ‘हं, ऐकलं मी,’ एवढंच. तेवढं मला पुरायचं. त्या बोलण्याने मी माणसात आले, हे खरं आहे.

चॅनेलची सुरुवात एका गमतीने झाली. तमिळमध्ये शाळेला ‘पळ्ळि’ म्हणतात आणि पालीला ‘पल्लि’. ळ आपल्या भाषेत आहे, आपल्याला काय अवघड, अशा तोऱ्यात मी ऑटोवाल्याला घाईघाईने पत्ता सांगितला आणि त्या बिचाऱ्याला ‘मला पालीपाशी सोडा’ असं ऐकू गेलं. तो गाडी थांबवून हसला. मी ते तिला मेसेजमध्ये सांगितलं, तर ती संध्याकाळी सरळ वरच आली.

‘हे सगळ्यांना ऐकव,’ ती म्हणाली. ‘या गावात आपली किती पोरंपोरी आहेत माहीत आहे तुला? आयटीतली, कारखान्यातली, रेल्वेतली. सगळ्यांची हीच बोंब. तू रोज सकाळी एक शब्द सांग. बाकीचं मी पाहते.’

असं ते सुरू झालं. रोज सकाळी मी एक तमिळ शब्द घ्यायचे आणि त्याच्याभोवती एखादी घडलेली गोष्ट सांगायचे. सुट्ट्या पैशांना इथेही चिल्लरच म्हणतात, नुसता शेवट वेगळा, हे सांगितलं तेव्हा लोकांना कोण आनंद झाला. मामी उच्चार तपासून द्यायची. चॅनेल म्हणजे एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. समोरचे दिसत नाहीत. मला ते बरं वाटायचं. आधी आमच्याच इमारतीतली आणि ओळखीची माणसं होती. मग त्यांच्या ऑफिसातली आली. मग वाढ थांबली.

‘नुसत्या शब्दांनी माणसं येत नाहीत,’ मैत्रीण म्हणाली. ‘आत आल्यावर काहीतरी हाती लागलं पाहिजे. बाहेरच्याला न मिळणारं.’

हे तिचं रोजचं काम होतं, तिला ते बरोबर कळत होतं. आमच्या सोलापूरकडचा एक ट्रकवाला महिन्यातून एकदा चेन्नईला माल घेऊन यायचा. त्याच्याकडून तिने ज्वारीचं ताजं पीठ मागवलं आणि चॅनेलवर टाकलं, ‘फक्त सदस्यांसाठी’. त्या दोन शब्दांपुढे एक छोटं कुलूप काढलं होतं. चेन्नईत चांगली भाकरी थापता येईल असं पीठ मिळणं म्हणजे काय, ते इथे राहिलेल्यालाच कळेल. लोक धडाधड आले. मग मामीच्या घरच्या डांगर पचडीची, म्हणजे दह्यात कालवलेल्या उडदाच्या पिठाची कृती, तिने स्वतःच्या मराठीत सांगितलेली, तीही फक्त सदस्यांसाठी. दिवाळीला चिठ्ठ्या टाकून फराळाचे डबे. रविवारी सकाळी माझ्याबरोबर मंडईत फेरी, भाव कसा करायचा ते शिकायला. मी पुढे आणि मागे पिशव्या घेतलेल्या मराठी मुली, असा आमचा मोर्चा निघायचा. भाजीवाल्या ओळखायला लागल्या. मला गंमत वाटायची. ज्या गावात ‘नको’ आणि ‘पुरे’ म्हणत फिरले तिथे कुणीतरी माझा आवाज ओळखून ‘ताई, तुम्हीच ना त्या?’ असं विचारत होतं.

तरी तिचं समाधान होत नव्हतं. पीठ आलं की लोक यायचे, पीठ संपलं की चॅनेलचा आवाज बंद करून ठेवायचे. एकदा जेवताना ती म्हणाली, ‘वस्तूनं माणूस येतो, पण टिकत नाही. टिकायला जवळचं काही द्यावं लागतं.’

‘म्हणजे काय देणार?’

‘एक आतली खोली करते. वेगळा चॅनेल. जो पाच नवीन माणसं आणेल त्यालाच आत घ्यायचं.’

‘आणि आत काय?’

‘काही नाही गं. थोडं पडद्यामागचं. तुझे जुने ऑडिओ वगैरे.’ तिने आमटी वाढून घेतली. ‘तू नको डोकं लावू त्याच्यात. तू तुझा शब्द सांग.’

जुने ऑडिओ म्हणजे सुरुवातीचे शब्द, असं मला वाटलं. ‘आतली खोली’ हे नाव मलाही आवडलं. मला त्या खोलीत जायची गरज कधी पडली नाही. आपल्याच चॅनेलवर आपण कशाला पाच माणसं आणायची? माणसं मात्र खरंच वाढत होती, आणि नवीन येणाऱ्या बायका मंडईत भेटल्या की माझ्याशी फार मायेने वागायच्या. एकीने उगाचच माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. एकीने डब्यात भरून लाडू आणून दिले आणि म्हणाली, ‘खात जा हो तुम्ही.’ मी बारीक दिसत असेन असं मला वाटलं.

मग एका रविवारी मंडईत लातूरकडची एक मुलगी माझ्याशेजारी आली. नुकतं लग्न होऊन आलेली, नवरा आयटीत. शेवग्याच्या शेंगा निवडत होतो आम्ही. बाकीच्या पुढे गेल्या तशी ती हळूच म्हणाली, ‘ताई, एक विचारू? तुम्ही मग भावाला विचारलं का, घड्याळाचं?’

‘कुठलं घड्याळ?’

‘बाबांच्या हातातलं.’

माझ्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या. तिला वाटलं, आठवणीने मला भरून आलं. ती घाईघाईने म्हणाली, ‘माझी आई गेली ना, तेव्हा मलाही असंच झालं. कानातलं काढलं का नाही, तेवढंच डोक्यात. मला वाटायचं मीच वेडी. तुमचं ऐकलं तेव्हा इतकं रडले मी.’

‘कुठे ऐकलंस?’

‘आतल्या खोलीत,’ ती म्हणाली, आणि माझ्या तोंडाकडे बघून तिचा आवाज बारीक झाला. ‘तुम्हीच टाकता ना ते?’

मी तिचा फोन मागितला. कुलपाचं ते छोटं चित्र, खाली ‘फक्त सदस्यांसाठी’, आणि खाली माझा आवाज. नाक चोंदलेलं, मध्येच कुकरची शिट्टी. तो माझ्या स्वयंपाकघरातला कुकर होता. माझ्या रडण्यामागे तिने बासरी लावली होती. वर सरकवत गेले तर एकाखाली एक ओळीने लावलेलं. ‘बाबा’. ‘नवरा आणि मी’. ‘मूल नको, ते का’. प्रत्येकाखाली लोकांचे जोडलेले हात आणि रडके चेहरे. मी भर मंडईत, लोकांचे धक्के खात, माझंच बोलणं ऐकत उभी होते. भाजीवाली विचारत होती, किती देऊ.

माझं रडणं ऐकायला लोकांनी पाच-पाच माणसं आणली होती.

लातूरच्या मुलीने मला ऑटोत बसवून दिलं. ती सारखी ‘ताई, मला माहीत नव्हतं हो’ म्हणत होती.

मैत्रीण घरीच होती. केस धुऊन टॉवेल गुंडाळून लॅपटॉपसमोर बसलेली. मला बघून म्हणाली, ‘आज लवकर आटोपली फेरी?’

मी म्हटलं, ‘बासरी का लावलीस?’

ती लगेच समजली. कुठली बासरी, असंही तिने विचारलं नाही. लॅपटॉप अर्धा मिटला आणि म्हणाली, ‘बस ना आधी.’

‘नाही बसत.’

‘अगं, नाव नाही घेतलं मी तुझं कुठे.’

‘आवाज माझा आहे. रोज सकाळी सगळे तोच ऐकतात. नाव कशाला लागतं?’

‘मी तुला सांगितलं होतं, जुने ऑडिओ, पडद्यामागचं...’

‘तो पडदा माझ्या घरचा होता.’

ती उठली आणि तिचा फोन माझ्यासमोर धरला. ‘हे वाच. वाच तर. ही अंबत्तूरची बाई, नवरा गेला हिचा. ही म्हणते, तुमच्यामुळे मी पहिल्यांदा रडले. ही पोरगी बघ. ही आठवडाभर घराबाहेर पडली नव्हती. मी पीठ वाटून वाटून थकले होते गं. कुणी थांबत नव्हतं. तुझं पहिलं टाकलं आणि लोक थांबले. तू बोलतेस ना, माणसाला आतून धरतेस तू. मी काय खोटं विकलं?’

ती म्हणत होती ते खरं होतं. त्या बायकांनी लिहिलेलं खरं होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. माझ्याजवळचं सगळ्यात खरं जे होतं ते तिने उचलून नेलं होतं. खोटं नेलं असतं तर मी हसले असते.

‘मला विचारायचं तरी होतंस,’ मी म्हटलं.

‘विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.’

हे तिने अगदी सहज सांगितलं. खाली गल्लीत इडलीच्या पिठाची गाडी आली होती, तिचा भोंगा वाजत होता.

‘काढून टाक,’ मी म्हटलं. ‘आत्ता.’

तेव्हा ती पहिल्यांदा खाली बघायला लागली. ‘काढते. नक्की काढते. फक्त हा महिना जाऊ दे. बंगळूरला एका मोठ्या जागेसाठी माझी मुलाखत आहे. हाच चॅनेल दाखवणार आहे मी, कसा वाढवला ते. तोपर्यंत आकडा पडायला नको. एवढं कर माझ्यासाठी.’

तोवर मी स्वतःची समजूत घालत होते. तिला कळलं नसेल, कामाच्या नादात भान राहिलं नसेल, तिच्या धंद्याची सवयच ती. या एका वाक्यानंतर समजूत घालायला काही उरलं नाही. माझ्यासाठी छत्री धरून उभी राहिलेली बाई माझ्याकडे महिन्याची मुदत मागत होती, माझ्या बाबांच्या मरणाची.

मी दारात उभी राहिले. तिने शेवटी माझ्यासमोर एकेक काढलं. प्रत्येक वेळी फोन विचारत होता, नक्की का, आणि ती हो म्हणत होती. संपल्यावर ती म्हणाली, ‘झालं ना आता?’

झालं नव्हतं. लोकांनी ते उतरवून घेतलं होतं, एकमेकांना पाठवलं होतं. ते कुठवर गेलं आहे ते मला त्याच आठवड्यात कळलं.

नवरा संध्याकाळी घरी आला. हात-पाय धुतले, जेवायला बसला, जेवला. ताट उचलायला मी वाकले तशी म्हणाला, ‘शेजारी झोपलेलं माणूस, असं म्हणालीस का तू?’

कंपनीच्या बसमध्ये त्याच्या शेजारी एक मराठी सहकारी बसायचा. त्याच्या बायकोने त्याला ते ऐकवलं होतं. माझा आवाज त्याने कधी ऐकलेला नव्हता, त्यामुळे हे कुणाचं आहे हे त्याला माहीत नव्हतं. ‘बघ, आपल्या बायका आपल्याबद्दल काय विचार करतात,’ म्हणून त्याने इअरफोनचं एक टोक माझ्या नवऱ्याच्या कानात घातलं.

‘म्हणाले होते,’ मी म्हटलं. ‘तेव्हा. बाबांनंतर.’

‘मला नाही म्हणालीस.’

‘तू घरी नव्हतास.’

‘नंतर तर होतो.’

मी त्याला चॅनेलचं, आतल्या खोलीचं सगळं सांगितलं. मैत्रिणीने काय केलं ते सांगितलं. मला वाटलं तो चिडेल, खाली जाऊन तिच्याशी भांडेल. तो ऐकत राहिला आणि मग म्हणाला, ‘तिने तुला फसवलं, ते बरोबर. पण मी तुझ्या घरात राहत होतो, आणि मला सोडून सगळ्यांना माहीत होतं.’

सांगायला माझ्याकडेही खूप होतं. जाऊ नकोस म्हटलं होतं, ते होतं. पण त्याचा चेहरा बघून ते बोलवेना. मला एकीने फसवलं होतं. त्याला कुणी फसवलं, ह्याचा हिशेब लावायला गेले की मी मध्येच थांबते.

दुसऱ्या दिवसापासून तो कंपनीच्या बसने जायचा बंद झाला. लोकलने सेंट्रलला, तिथून दुसरी गाडी पकडून गुम्मिडिपूंडी. वेळ जास्त लागायचा, पण शेजारी बसणारं माणूस रोज वेगळं असायचं. आमच्यात भांडण असं झालं नाही. आम्ही बोलायला लागलो आहोत, आधीपेक्षा जास्तच. पण बोलताना तो अधूनमधून थांबतो आणि विचारतो, ‘हे आणखी कुणाला सांगितलंयस?’ थट्टेत विचारतो. मी थट्टेत ‘नाही’ म्हणते.

मामीला सांगायला गेले तेव्हा तिने मला पाटावर बसवलं. मी सगळं सांगत होते आणि ती मान हलवत होती. शेवटी म्हणाली, ‘ठाऊक होतं गे मज. नातवाने ऐकवलं. मज वाटलं, तूंच दिलीस.’ मग तिने माझा हात धरला आणि तमिळमध्येच काहीतरी पुटपुटली. मी अर्थ विचारला नाही. सगळ्यांनाच असं वाटलं होतं. लाडू देणारीला, खांद्यावर हात ठेवणारीला. मी स्वतः उघडून ठेवलेलं घर समजून ते आत आले होते. त्यांच्यावर चिडायला काही जागा नव्हती, आणि तरी कितीतरी दिवस मंडईत मराठी बोलणं ऐकू आलं की मी दुसऱ्या गल्लीत वळायचे.

सकाळचा शब्द मी बंद केला. चॅनेल मात्र बंद पडला नाही. मैत्रिणीने थोडे दिवस जुनेच शब्द फिरवून टाकले, मग स्वतःच्या आवाजात सुरू केलं. पीठ येत राहिलं. तिला बंगळूरची जागा मिळाली. पोंगलच्या सुमारास तिचं सामान हललं. टेम्पो खाली उभा असताना ती वर आली. मामीने दारासमोर काढलेली रांगोळी ओलांडायला नको म्हणून बाजूला, भिंतीला चिकटून उभी राहिली.

‘जाते मी,’ ती म्हणाली.

‘बरं.’

‘तू एकदा तरी ओरड माझ्यावर. मला बरं वाटेल.’

तिला बरं वाटण्याचं काम आता माझं नव्हतं. तिच्या हातात तुळशीचं रोप होतं. प्रवासात टिकणार नाही, ठेवून घेशील का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, ‘मामीकडे दे.’ ती थोडा वेळ थांबली. मी आत बोलावते का, ते बघत असावी. मग लिफ्टची वाट न बघता जिन्याने खाली गेली. तिच्या चपलांचा आवाज तळमजल्यापर्यंत ऐकू आला.

मला तिची आठवण येते. दुपारी भाजी चिरताना तर फार. एखादी गंमत घडली की ती कुणाला सांगायची, ह्याचं उत्तर अजून तेच येतं, आणि मग चाकू जरा जोरात चालतो. तिच्यानंतर मी कुणालाही आवाजी मेसेज पाठवलेला नाही. भावालाही लिहूनच पाठवते, थोडक्यात. तो विचारतो, तू हल्ली अशी तुटक का बोलतेस. नेटवर्क नसतं म्हणून सांगते.

लातूरची मुलगी गुरुवारी दुपारी माझ्याकडे येते. तिने तमिळ लिपी शिकायची ठरवली आहे. तिला दिवस गेले आहेत, आणि दवाखान्यातल्या पाट्या आपल्या आपण वाचता यायला हव्यात असं तिचं म्हणणं. आम्ही पहिलीच्या पुस्तकातून अक्षरं गिरवतो. लिहिता लिहिता ती तिच्या आईबद्दल बोलते, सासूबद्दल बोलते, पोटातल्या बाळाची भीती वाटते ते बोलते. मी ऐकते. तिचं तिच्यापाशी राहील एवढं मी नक्की बघते. माझ्याबद्दल तिला काय काय माहीत आहे, ते तिलाही ठाऊक आहे आणि मलाही, आणि त्या विषयाजवळून आम्ही दोघी जपून जातो.

मागच्या गुरुवारी मात्र पेन्सिल खाली ठेवून ती म्हणाली, ‘ताई, तुम्ही तुमचं कधी काहीच सांगत नाही हो.’

‘पान उलट,’ मी म्हटलं. ‘पुढचं अक्षर घेऊ.’